पंप गळत होता

आमच्या गावात एक गोष्ट अजून सांगितली जाते. नाल्यापलीकडच्या तांड्यातही पुष्कळ दिवस सांगितली जात होती. थावरानं घरच्या भांडणापायी फवारणीचं औषध घेतलं. तांड्यानं त्याला मरू दिलं नाही. आणि ज्याच्या शेतात तो पडला, त्या म्हाताऱ्यानं सख्ख्या बापासारखी त्याची सेवा केली.

तो म्हातारा मी. गोष्टीच्या या तीन वाक्यांतलं मधलं तेवढं खरं आहे. पहिलं मी रचलं. तिसरं लोकांनी रचलं आणि मी ते अंगावर शालीसारखं घेऊन बसलो. आता माझं वय झालं आहे, तरी हे माझ्या हातानं लिहितो आहे. कोणाच्या घरचं माणूस असं निपचित पडलं असेल तर त्यांना यातलं काही उपयोगी पडावं, असंही वाटतं.

शेतात

उमरखेडकडे आमचं गाव. नाल्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत. आता तेही शेती करतात आणि हंगामात आमच्या शेतांत रोजानं येतात. थावरा असाच यायचा. चाळिशीचा, काटक, गळ्यात माळ. माळ घातल्यापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. हे तांड्याला ठाऊक होतं आणि मलाही.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारणीला माणूस मिळत नव्हता. कृषी केंद्रवाल्यानं दोन औषधं दिली आणि वेगवेगळी मारा म्हणून बजावलं. दोनदा माणूस कुठून आणू? मी दोन्ही एकाच ड्रममध्ये ओतली, वरून टॉनिक टाकलं आणि कडुनिंबाच्या काडीनं ढवळलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. हे बचाव म्हणून लिहीत नाही. सगळे करतात म्हणूनच माझा हात थांबला नाही, एवढंच.

सकाळी थावरा हसतच आला. जमनी, म्हणजे त्याची बायको, शेळीनं भाकरीचं पीठ खाल्लं म्हणून त्याच्यावर तुटून पडली होती. "आज पहाटेच तोफ सुटली, काका," तो म्हणाला. जमनीचं भांडण नाल्याच्या अलीकडे ऐकू येई, त्यात नवं काही नव्हतं. मग त्यानं पंप पाहिला. पाठीवर घ्यायचा चार्जिंगचा पंप, झाकणाचं वायसर फाटलेलं. "हा गळून राह्यला," तो म्हणाला. मी झाकणाखाली प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा लावला, वर चिंधी बांधली आणि म्हणालो, आजचा दिवस काढ.

तो पऱ्हाटीत शिरला आणि दिसेनासा झाला. फक्त फवारा वर उडताना दिसायचा. दर खेपेला तो पंप भरायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येई, तेव्हा त्याचा सदरा मानेपासून कमरेपर्यंत ओला असे. घाम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. घामाला तसला वास नसतो.

दुपार कलल्यावर पंपाची घरघर एकाच जागेवरून येऊ लागली. मी आत गेलो. थावरा ओळीत पालथा पडला होता, तोंडाला फेस आला होता आणि पंप पाठीवर चालूच होता.

जीप तांड्याच्या नायकाची होती. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याचा शब्द तिथे शेवटचा. तोच गाडी चालवत होता. थावराचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याच्या पाठीचा ओलावा माझ्या धोतरात उतरत होता. तो ओलावा कशाचा, हे त्या जीपमध्ये मला एकट्याला माहीत होतं. त्याचा सदरा काढा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर नायकानं विचारलं असतं, काहून.

वाचणाऱ्यांपैकी कोणावर ही वेळ आली तर एवढं करा. कपडे आधी काढा, अंग साबणानं धुवा आणि डॉक्टरला खरं सांगा. डॉक्टरांनी मला पुढे हेच समजावलं, दुसऱ्या एका रोग्याबद्दल बोलताना. मी मान डोलावली, जणू काही नवीनच ऐकतो आहे.

एक वाक्य

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं सरळ विचारलं, फवारताना झालं की प्यायला?

त्या हंगामात फवारणीनं माणसं पडत होती. मालकाची चौकशी होते, पोलीस घरी येतात, असं बसस्टँडवर बोललं जाई. माझ्या डोळ्यांपुढे ड्रम आला, चिंधी आली. मी म्हणालो, "पेला असंल, साहेब. सकाळी घरी भांडण झालं होतं."

डॉक्टरनं थावराच्या मळक्या कपड्यांकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि पुढच्या कामाला लागला. त्याला दोष देत नाही. मी सांगितलं तसं त्यानं धरलं. अंगावरचे कपडे उतरवले गेले तेव्हा बराच वेळ गेला होता. ते कपडे कोणी तरी माझ्याच हातात दिले. मी ते टाकून दिले.

घरी आल्यावर मला ओकाऱ्या झाल्या. डोकं फुटत होतं, कंदिलाभोवती धुकं असावं तसा बल्ब दिसत होता. मांडीवरून जेवढं आत गेलं तेवढ्यानं माझी ही गत झाली. बायकोनं माझं धोतर वेगळ्या बादलीत भिजवलं आणि पाणी विहिरीपासून लांब नेऊन ओतलं. तिनं मला काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तांडा दवाखान्यात राहायला आला

थावराला तालुक्याहून पुसदला आणि तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. पहिल्या दिवशी तो वाचला असं वाटलं. मग दोन-तीन दिवसांत त्याला उशीवरून मान उचलता येईना. मग हात गेले, पाय गेले आणि शेवटी श्वास. गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, याला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. अंग फक्त बंद पडलं आहे. हळूहळू येईल परत, आलं तर. डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या.

मग तांडा दवाखान्यात राहायला आला. नायकानं घरटी पाळ्या लावल्या. ज्या घरची पाळी त्या घरानं माणूस द्यायचा, शेतात काहीही काम असो. बायका फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून एसटीनं येत. व्हरांड्यात चुलत-मावस अशी सगळी नाती पथारी टाकून पडलेली असत. सिस्टरनं त्यांना शिकवलं की पाठीला जखम होऊ नये म्हणून याची कूस वेळेवर बदलायची, सांधे आखडू नयेत म्हणून हात-पाय हलवत राहायचं. दोघे मिळून त्याला उचलत आणि वळवत. त्यांच्यातला एक पोट धरून हसायला लावणारा होता. तो म्हणाला, "आमचे आजे मीठ लादत होते, आमच्या नशिबी हा आला. मीठ तरी इकता येत होतं." थावराच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. त्याचं हसणं तेवढंच उरलं होतं.

त्या माणसांचं मी काही कमी लिहिणार नाही. त्यांनी त्याची घाण काढली, त्याची लाळ पुसली, आणि त्याच्या शेतातली तूर राखली. पण त्याच तोंडांनी त्यांनी त्याला उपदेश केला. जो येई तो खाटेजवळ उभा राहून सुरू होई. काहून केलं रे असं. माळकरी माणूस तू. पोरांकडे पाहायचं होतं. बायको बोलली म्हणून कोणी जीव देते काय. नायकानं तर कानाशी वाकून सांगितलं की तांड्यानं तुला माफ केलं आहे, तू मनाला लावून घेऊ नको.

न केलेल्या गुन्ह्याची माफी तो रोज ऐकत होता आणि त्याला मानसुद्धा फिरवता येत नव्हती. मी पायथ्याशी स्टुलावर बसलेला असे. मी दर आठवड्याला जाई, दोन-दोन दिवस राही, त्याच्या तळव्यांना तेल चोळी. बाजूच्या खाटांवरची माणसं एकमेकांना दाखवत, पाहा, मालक असावा तर असा. मी प्रेमानं जात नव्हतो. मला भीती होती. ती नळी कधी निघेल आणि तो काय बोलेल, हे मला तिथे असताना ऐकायचं होतं.

जमनीला मात्र कोणी बसा म्हणत नसे. पाळीला आलेल्या बायका तिला भाकरी देत आणि पाठ फिरवून जेवत. तिच्या सासूनं तिला व्हरांड्यातच सांगितलं की तुझ्या जिभेनं माझं लेकरू खाल्लं. नाल्यापलीकडून ऐकू येणारी बाई दबक्या आवाजात सिस्टरला विचारी, पाणी भरू का.

एका दुपारी खाटेजवळ ती आणि मीच होतो. सिस्टरनं थावराला पापणीची खूण शिकवली होती. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. जमनी त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, बोलू लागली. तिला वाटलं मला कळत नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मला ती भाषा बोलता येत नाही, पण कळते. ती विचारत होती, माझ्या बोलण्यानं घेतलं का तू?

त्यानं पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"खोटं," ती म्हणाली. "मले वाईट वाटू नये म्हणून नाई म्हणतो." आणि पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या पायाची बोटं चोळत राहिलो. त्या वेळी तिच्या मागे व्हरांड्यापर्यंत जायला मला किती वेळ लागला असता?

आवाज

आधी उजव्या हाताचं एक बोट हललं. ज्याची पाळी होती तो पळत खाली गेला आणि गूळ घेऊन आला. सगळ्या वॉर्डात वाटला, डॉक्टरांनाही. मग मनगट. मग एक दिवस मान उशीवरून जरा उचलली. काही आठवडे असे, की कालचं आज परत हरवलेलं असे. त्याला बसवलं की तो ओल्या पोत्यासारखा एका अंगावर कलंडे. ज्यांच्याकडे असा रोगी आहे त्यांना सांगतो, हे दिवस सगळ्यांत वाईट. मरणाची भीती गेलेली असते आणि माणसं कंटाळायला लागतात. तांड्यातही कुरकुर झाली, सोयाबीन सोंगायचं, म्हणजे कापायचं होतं. नायकानं पाळ्या मोडू दिल्या नाहीत.

मशीन निघालं. नंतर नळीही निघाली आणि भोकावर पट्टी बसली. सिस्टर म्हणाली, पट्टीवर बोट दाब आणि बोलून पाहा. बातमी आधीच गेली होती. नायक, थावराची आई, जमनी, पाळीवाले आणि मी असे सगळे खाटेभोवती उभे होतो. जमनीनं त्याचा हात धरून बोट गळ्यावर नेलं. हवा सुटल्यासारखा आवाज आला, पण शब्द स्वच्छ होते.

"पंप गळत होता."

जमनीनं वर पाहिलं, सगळ्यांच्या तोंडांकडे.

मी हसलो. सगळ्यांत आधी मी हसलो. "अजून फवारूनच राह्यला गडी," मी म्हणालो.

मग नायक हसला, मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. इतक्या दिवसांचं रडू त्यात होतं. कोणी म्हणालं, औषध डोक्यात गेलं, उतरंल हळूहळू. थावरानं गळ्यावरचं बोट काढून घेतलं.

मी खोटं बोललो त्याला भीतीचं कारण तरी देता येतं. त्या हसण्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही.

नंतर आम्ही दोघेच असताना त्यानं मला जवळ बोलावलं. बोलताना त्याला दम लागत होता.

"काका, मी पोलिसात जात नाई. कोनाले काही म्हनत नाई. तुम्ही फक्त जमनीले सांगा. मी सांगतो तं तिले खरं वाटत नाई."

"सांगतो," मी म्हणालो.

"लवकर सांगजा."

परतल्यावर

तो घरी आला तेव्हा पावलं ओढत चालत होता, दोन बाजूंनी दोघे धरून. पुढे काठीवर आला. पाय अजून पुरते वर उचलत नाहीत, चपला घासतात. डॉक्टर म्हणतात एवढं आलं हेच फार. तांड्यात जेवण झालं. नायकानं मला पाटावर बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की जात पाहू नका, माणूस पाहा. मी नारळ घेतला. थावरा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना वाटलं, हात अजून कमजोर आहेत.

जमनीला सांगायला मी कितीदा निघालो आणि नाल्यावरून परतलो. मध्ये दोन हंगाम गेले. ती भांडत नव्हती. शेळी घरात शिरली तरी ओरडत नव्हती. सासूनं ताट सरकवलं तरी गप्प. थावरा खोकला तरी उठून उभी राही, जणू तो पुन्हा काही तरी पिऊन बसेल. त्यानं तिला चिडवून पाहिलं, मुद्दाम मीठ जास्त झालं म्हणून पाहिलं. ती म्हणे, चुकलं. एकदा शेतातल्या वाटेवर भेटला तेव्हा तो म्हणाला, "काका, मी तं वाचलो. ते काई वाचली नाई."

त्यानंतर मी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ड्रम, वायसर, चिंधी, ओला सदरा, डॉक्टर. तिचं सूप थांबलं नाही. मी संपवल्यावर ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय करू? मले बोल लागला तो सगळ्याइसमोर लागला."

होळी

होळीला तांडा भरलेला असतो. ऊस तोडायला गेलेले परत आलेले असतात. नायकाच्या दारात सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि जमनीला सांगितलं तेच सांगितलं.

नायकानं ऐकून घेतलं. मग उठून माझ्या पायांना हात लावला. "पाहा रे," तो लोकांना म्हणाला, "बाईच्या मानेवरचं ओझं उतरावं म्हणून काका आपल्या मानेवर घेऊन राह्यले. असा मानूस भेटत नाई." बायकांनी डोळे पुसले. थावराच्या आईनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. थावरा काठी टेकून उभा राहिला, हे खरं आहे म्हणाला. त्यालाही लोक हो हो म्हणाले, जसे दवाखान्यात म्हणत.

इतकी माझी पत होती. माझं खोटं एका वाक्यात खरं झालं आणि माझं खरं कोणी घेईना. जमनी सगळ्यांत मागे उभी होती. ती जायला वळली.

मी घरी गेलो. तो पंप मी फेकला नव्हता, विकलाही नव्हता. गुरांच्या कोठ्यात खुंटीला होता, चिंधीसकट. वाटेत नाल्यावर आधी तो बुडवून, खळखळून घेतला, मग साध्या पाण्यानं भरला आणि पाठीवर घेतला. या वयात ते वजन घेऊन चढ चढताना दोनदा बसावं लागलं. तांड्यात शिरलो तेव्हा पोरं हसली, होळीचं सोंग वाटलं त्यांना. मी नायकाच्या दारातल्या मोकळ्या जागेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, पऱ्हाटीच्या ओळीत चालतात तसा, आणि परत चाललो. पाणी मानेमागून निघालं आणि कमरेपर्यंत उतरलं. मग मी सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो.

मागे काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. पोरांचं हसणं थांबलेलं तेवढं कळलं. काठीचा आवाज आला, घासत येणाऱ्या चपलांचा. थावरानं माझ्या सदऱ्याला हात लावला आणि म्हणाला, "असाच."

मग जमनीचा आवाज आला. ती मला शिव्या देत होती. मराठीतल्या संपल्या तशी गोरबोलीतल्या देऊ लागली. माझ्या पांढऱ्या सदऱ्याला, माझ्या नारळाला, माझ्या तेल चोळण्याला, तिनं काही सोडलं नाही. मग सासूकडे वळली, मग नायकाकडे. कोणी तिला थांबवलं नाही.

मी पंप उतरवला नाही. समोर, नाल्याच्या अलीकडे, माझ्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. तिथपर्यंत ऐकू गेलं होतं.